मुंग्यांना पट्टी वाचता येत नाही

दर गुरुवारी सकाळी सातच्या आतच आमच्या जीवशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात रांग लागायची. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक बाटली असे आणि बाटलीत बाटलीवाल्याची लघवी असे. जंगलात नदीकाठी वसलेल्या आमच्या इकितोस शहरात पिवळा सोडा भारी खपतो, त्यामुळे निम्म्या लोकांनी सोड्याच्याच रिकाम्या बाटल्या आणलेल्या असत. रंगही तोच. आमचा पहारेकरी रुस्बेल एका गुरुवारी तापल्या उन्हातून आला, टेबलावरची एक बाटली त्याने उचलली आणि... पण त्या गुरुवारविषयी रुस्बेल बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही.

प्रयोगशाळेच्या दारात, हातात साखर तपासण्याच्या पट्ट्यांची डबी घेऊन, मी उभी असायची. मी दालिला पांदुरो, या विभागात जीवरसायनशास्त्र शिकवते. काम अगदी सोपे होते. पट्टी बाटलीत बुडवायची आणि अर्धा मिनिट थांबायचे. लघवीत साखर असेल तर पट्टीच्या टोकावरचा पिवळा ठिपका हिरवा होतो, नसेल तर पिवळाच राहतो. रांगेतले सगळे जुने मधुमेही. आणि सलग सहा गुरुवार ठिपका पिवळाच राहत होता.

"पिवळा," मी म्हणायची.

"पिवळाऽऽ!" रांग ओरडायची. कुणी रडायचे, कुणी गुडघे टेकायचे, एका आजोबांनी तर माझ्या हातातली ओली पट्टी घेऊन तिचा मुका घेतला. मी अडवायला गेले तोवर उशीर झाला होता.

या चमत्काराचे धनी बाहेर अंगणात, पोमारोसाच्या झाडाखाली बसलेले असत. बंधू निकानोर. अंगात पांढरा झगा, पोटापर्यंत दाढी, पायात चिखलात घालायचे रबरी बूट, आणि शेजारी निळे प्लास्टिकचे पिंप. पिंपात 'करुणाजल'.

"बाळांनो, साखर म्हणजे काय?" बंधू डोळे मिटून विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता सुटायचे. "साखर म्हणजे रुसलेला आत्मा! गोऱ्यांच्या जहाजातून उसाबरोबर आला आणि आपल्या अंगात बिऱ्हाड करून बसला. डॉक्टर काय करतात? सुई टोचतात! घरात बसलेल्याला टोचलं तर तो जाईल का? चिडेल! चिडला की पायात उतरतो आणि पाय खातो. त्याला गोडीनं सांगून उपयोग नाही, गोड तर तो स्वतःच आहे. त्याला आंबट सांगावं लागतं!"

करुणाजल आंबट होते यात शंकाच नाही. कामु-कामुच्या लाल फळांचा रस, त्यात कसली तरी साल उकळून घातलेली, वर बंधूंची फुंकर. कामु-कामु आमच्याकडे नाक्यानाक्यावर मिळते. पण ही फळे म्हणे अशा तळ्यातली, जिथे कुमारी मातेने स्वतः हात धुतले. ते तळे कुठे आहे असे रुस्बेलने एकदा विचारले.

"जिथं शोधून सापडत नाही तिथं," बंधू म्हणाले.

"मग तुम्हाला कसं सापडलं?"

"मी शोधलं नव्हतं."

यावर रुस्बेल विचारात पडला तो आठवडाभर पडूनच राहिला.

करुणाजलाचे नियम तीन. सकाळी तीन पेले प्यायचे. दोन तासांच्या आत बाटली तपासायला आणायची, कारण तेवढाच वेळ कृपा ताजी असते. आणि अंगाला सुई लावायची नाही, औषध घ्यायला नाही आणि रक्त तपासायलाही नाही. "रक्त देवाचं, लघवी विज्ञानाची!" अशी घोषणाच होती. दक्षिणा म्हणून एक कोंबडी. गुरुवारी दुपारपर्यंत आमच्या अंगणात सेमिनारला माणसे येत नाहीत इतक्या कोंबड्या जमायच्या.

आता तुम्ही विचाराल, विद्यापीठात हे सोंग शिरलेच कसे? ते शिरले विभागप्रमुखांच्या खोलीतून. डॉक्टर अबेलार्दो रेआतेगी हा मनाने चांगला माणूस, पण गेल्या वीस वर्षांत आमच्या विभागाचे नाव वर्तमानपत्रात एकदाच आले होते, तेही वादळात छप्पर उडाले तेव्हा. हे शल्य त्यांच्या मनात होते.

"दालिला, भोंदू माणूस विज्ञानाच्या दारात येतो का?" ते म्हणाले. "हा स्वतःहून आलाय. म्हणतो, तपासा! चाळीस माणसं देतो म्हणतो. पहिल्यांदा करुणाजलाशिवाय तपासा, मग करुणाजल पाजून तपासा."

आम्ही तपासले. आधी चाळीसच्या चाळीस हिरवे, नंतर चाळीसच्या चाळीस पिवळे. डॉक्टरांनी तसे प्रमाणपत्र टाइप केले.

"यात 'बरे झाले' असं कुठं लिहिलंय?" त्यांनी मला विचारले. "फक्त 'पट्टीवर साखर आढळली नाही' एवढंच आहे. हे खोटं आहे का?"

"खोटं नाही."

"मग कर सही."

मी सही केली. पहिली सही त्यांची, दुसरी माझी. पुढच्या गुरुवारी बंधूंनी ते प्रमाणपत्र कापडावर भलेमोठे छापून झाडाला टांगले. माझी सही होडीच्या वल्ह्याएवढी झाली होती. मला राग आला, पण बोलायला तोंड नव्हते.

आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या बाईंचे नाव तेओलिंदा मुरायारी, पण सगळे त्यांना मानाने डोन्या तेओ म्हणतात. वय एकसष्ट. बावीस वर्षे त्या आमचे चंबू आणि नळ्या घासत आहेत, आणि त्यांच्या हातून धुतलेल्या नळीत कधी डाग सापडलेला नाही. मी इथे विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हा त्यांनी मला पहिल्याच दिवशी "पोरी, नळी अशी धरायची नसते" म्हणून झापले होते, आणि मी प्राध्यापक झाल्यावरही त्यांनी झापणे थांबवले नाही. चौदा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. घरची वीज दिवसाआड जाते, म्हणून त्यांची इन्शुलिनची कुपी आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, आमच्या विकरांच्या शेजारी असते. प्रयोगशाळेच्या शिस्तीप्रमाणे त्या रोज कुपीवर पेनाने रेघ मारून तारीख लिहितात.

एका सोमवारी मी फ्रिज उघडला आणि कुपीवरच्या रेघेकडे माझे लक्ष गेले. शेवटची तारीख गुरुवारची होती.

"डोन्या तेओ, औषध घेतलं नाहीत?"

"गरज काय?" त्या नळाखाली चंबू फिरवत म्हणाल्या. "गुरुवारी तूच तर म्हणालीस, पिवळा."

"मी पट्टीचा रंग सांगितला. औषध सोडा असं सांगितलं नाही."

"मग रंग कशाला सांगितलास?"

मी फ्रिजचे दार लावले. त्यांनी आनंदाची बातमी द्यावी तसे सांगितले, "आणि हे बघ, घागरा सैल झालाय! वजन उतरायला लागलं."

घागरा खरेच सैल झाला होता. त्या दिवशी त्यांनी दहा चंबू धुतले आणि मधेच चार पेले पाणी प्यायल्या. मधुमेहात औषध सुटले की माणूस असाच वाळतो आणि असाच तहानतो, हे मला पाठ आहे. डाव्या पायाच्या करंगळीला त्यांनी फडके बांधले होते.

"बोटाला एकदा टोचू द्या. एक थेंब रक्त," मी म्हटले.

"रक्त देवाचं," डोन्या तेओ म्हणाल्या, आणि नळ मोठा सोडला, म्हणजे माझे पुढचे ऐकू येऊ नये.

मी ठरवले, हे थोतांड गुरुवारी चारचौघांत उघडे पाडायचे. कसे ते मला अगदी स्पष्ट दिसत होते. इकितोसच्या दमट हवेत बुटांना बुरशी येते, पाकिटे न चाटताच चिकटतात, मग पट्ट्या का सडणार नाहीत? पट्ट्या सडल्या आहेत, म्हणून हिरव्या होत नाहीत. इतके सोपे! मी कँटीनमधून साखरेचे भांडे आणि चमचा घेतला आणि थेट झाडाखाली जाऊन उभी राहिले.

"मंडळी, या आजींची बाटली बघा. पिवळी आली. आता मी यात दोन चमचे साखर टाकते. टाकली की नाही?"

"टाकली!"

"आता पट्टी हिरवी व्हायला हवी की नको?"

"हवी!"

मी पट्टी बुडवली. अर्धा मिनिट झाले. ठिपका पिवळाच.

"बघा!" मी विजयाने ओरडले. "पट्ट्या सडल्यात! साखर असून दिसत नाही!"

बंधू हसले. ते हसणे मला तेव्हाच खटकायला हवे होते. "भगिनी, रागावू नका. कुणी आज पहिल्यांदा आलंय का? ज्यानं करुणाजलाचा थेंबही घेतला नाही असं?"

नानाय नदीवरचा एक कोळी पुढे आला. त्याच्या बाटलीत बंधूंनी त्याच डबीतली पट्टी बुडवायला लावली. पट्टी पोपटासारखी हिरवी झाली.

रांग मोडून लोक पट्टीभोवती गोळा झाले.

"पट्टी चांगली आहे," बंधू हळू आवाजात म्हणाले. "भगिनीनं साखर टाकली, ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली. मग कृपा झालेल्या बाटलीतून ती साखर कुठं गेली?" त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे नेले. "गेलीऽऽ!"

"गेलीऽऽ!" अंगण दुमदुमले. शंभर माणसे गुडघ्यांवर, आणि मधोमध मी, हातात कँटीनचा चमचा धरून. खरे सांगते, त्या क्षणी मीही वाकून बाटलीत साखर शोधली.

घरी जाताना तीनचाकी गाडी तिसऱ्या खड्ड्यात आदळली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कपाळावर हात मारून घेतला. "डास का, सेन्योरा?" चालकाने विचारले. डास नव्हता, गाढवपणा होता. ही पट्टी फक्त एकच साखर ओळखते, रक्तातली साखर, म्हणजे ग्लुकोज. चहात घालायची साखर निराळी. तिच्यात ग्लुकोज दुसऱ्या एका साखरेला घट्ट जोडलेले असते आणि पट्टीला ते दिसतच नाही. साध्या पाण्यात पोतेभर साखर ओतली असती तरी पट्टी पिवळीच राहिली असती. हे मी पहिल्या वर्षाला तिसऱ्या तासाला शिकवते. परीक्षेत हे न लिहिणाऱ्यांना मी नापास करते.

माझी फजिती कशाने झाली ते कळले, पण त्या आजींची बाटली मुळात पिवळी का आली, ते कळलेच नाही. इकडे बंधूंनी माझ्या चुकीचा चमत्कार करून टाकला. ते अंगणाखेरीज बाजारातही बसू लागले, आणि लोक घरून साखर घेऊन त्यांच्यापुढे "घालवायला" येऊ लागले.

पुढच्या सोमवारी डोन्या तेओ स्टुलावर बसून नळ्या धूत होत्या. बावीस वर्षांत मी त्यांना बसून काम करताना पाहिले नव्हते.

"पोरी, एक विचारू? चिडणार नाहीस ना?"

"विचारा."

"मुंग्यांचं काय करायचं?"

"कुठल्या मुंग्या?"

"माझ्या संडासातल्या. साखर झाली तेव्हापासून येतात, चौदा वर्षं. मला वाटलं, पट्टी पिवळी झाली, आता जातील. पण त्या वाढल्यातच! काल भिंतीवरून दोन रांगा होत्या. एक येणारी, एक जाणारी."

"बंधूंना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, घालवलेली साखर जाताना मागं वळून बघते. तिचा निरोप घ्यायला मुंग्या जमतात."

"अकरा दिवस झाले तुम्हाला सुई सोडून. अकरा दिवस निरोपच चाललाय?"

"तेच म्हटलं मी," डोन्या तेओ पुटपुटल्या. "मेलेल्या माणसाचंसुद्धा नऊ दिवसांच्या प्रार्थनेत आटोपतं."

मी हातातली नळी खाली ठेवली. मुंग्यांनी प्रमाणपत्र वाचले नव्हते. त्यांना ना बंधूंशी देणेघेणे, ना विभागाच्या नावाशी. जिथे साखर तिथे त्या. म्हणजे साखर होती, पट्टीला ती दिसत नव्हती. पट्टी सडलेली नव्हती. कुणीतरी तिच्या डोळ्यांवर हात ठेवत होते, आणि तेही फक्त करुणाजल पिणाऱ्यांच्या बाटलीत.

"डोन्या तेओ, या पट्ट्यांच्या खोक्यात एक घडीचा कागद असतो ना? माहितीचा. तो कुठं जातो?"

"बारीक अक्षरांचा? टाकते मी. तुम्ही कुणी कधी वाचला नाहीत." त्या जरा थांबल्या. "एक आहे. त्या गरगरणाऱ्या यंत्राच्या टेबलाचा पाय आखूड आहे, त्याच्याखाली. सहा वर्षं झाली."

मी जमिनीवर आडवी झाले आणि कागद उपसला. वरचे यंत्र चालू होते. आधार सुटताच टेबल नाचू लागले आणि यंत्र धडधडत काठाकडे निघाले. डॉक्टर रेआतेगी खोलीतून धावत आले.

"भूकंप?"

"नाही डॉक्टर," मी टेबलाखालून म्हटले. "वाचन."

कागद आठ घड्यांचा होता आणि त्यावर झुरळांचीही काही मते नोंदवलेली होती. पण सातवा परिच्छेद शाबूत होता. लघवीत क जीवनसत्त्वाचे प्रमाण फार असेल तर, साखर असूनही, पट्टीचा रंग बदलणार नाही. आणि कामु-कामु म्हणजे क जीवनसत्त्वाचे कोठार. आमच्या नद्यांकाठी त्याच्या तोडीचे दुसरे फळ नाही. सकाळी तीन पेले रस ढोसला की दोन तासांत ते सगळे जीवनसत्त्व लघवीत उतरते. बंधूंची कृपा ताजी राहते तीही दोनच तास! मग ते ओसरते, पट्टीला पुन्हा दिसू लागते. रक्तातली साखर मात्र तिथेच असते, म्हणून तर सुईला बंदी.

कागदाच्या तळाशी एक निळा शिक्का होता. मी तो डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवला. "शंका असल्यास संपर्क: निकानोर शापियामा, विक्री प्रतिनिधी."

"शापियामा?" डॉक्टर म्हणाले. "तो मिशीवाला? आपल्याला गळकं यंत्र विकून गेला तो?"

"त्या मिशीला खाली दाढी जोडून बघा."

डॉक्टरांनी जोडून बघितली असावी, कारण ते मटकन स्टुलावर बसले. "दालिला," ते म्हणाले, "पहिली सही माझी आहे."

"दुसरी माझी."

मी कागद घेऊन डोन्या तेओंकडे गेले आणि सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले, हात पुसले आणि म्हणाल्या, "पोरी, हा कागद तुमचा. झाडावरचा कागदही तुमचाच. त्यावरही तुझीच सही. मी कुठला खरा मानू?"

त्या चिडून बोलल्या नाहीत, म्हणूनच ते जास्त लागले. मी त्यांना दवाखान्यात चला म्हणून विनवले. त्या "गुरुवारी बघू" म्हणाल्या. त्यांचा श्वास पिकलेल्या फळासारखा गोडूस यायला लागला होता, आणि औषधाविना रक्तात विष साचू लागल्याचा तो वास होता, हे मला ठाऊक होते.

गुरुवारी मी अंगणात टेबल मांडले. उकळून गार केलेल्या पाण्याचा जग, औषधाच्या दुकानातले ग्लुकोजचे पाकीट, आणि विद्यापीठाच्या फाटकाशी बसणाऱ्या सेन्योरा ओर्फाच्या टोपलीतली कामु-कामु. फळे डॉक्टर रेआतेगींनी टाय घालून स्वतः चुरडली. त्यांच्या शर्टावर लाल शिंतोडे उडाले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"आज पुन्हा साखर घालवायची का, भगिनी?" बंधू खुशीत होते.

"हो. पण चहातली नाही. रक्तातली."

त्यांची दाढी हलायची थांबली. फक्त क्षणभर, पण मी पाहिली.

"रुस्बेल, पाणी चाख."

रुस्बेलने जग आधी उन्हात धरून नीट पाहिला, वास घेतला, मग चाखला. त्याची सावधगिरी समजण्यासारखी होती. "साधं पाणी."

मी ग्लुकोज घातले, ढवळले. "आता?"

"गोड."

पट्टी बुडवली. हिरवीगार. लोकांनी माना हलवल्या. मग मी एक पळीभर कामु-कामुचा रस जगात ओतला आणि त्याच डबीतली नवी पट्टी बुडवली. अर्धा मिनिट. पिवळी.

"गेलीऽऽ!" अंगण सवयीने ओरडले. बंधूंचे हातही सवयीने वर गेले होते. ते त्यांनी हळूच खाली आणले.

"कुणाच्या कृपेनं गेली?" मी विचारले.

"बंधूंच्या!"

"बंधूंनी हात लावला? फुंकर घातली?"

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"मग फळांना कुणी आशीर्वाद दिला? सेन्योरा ओर्फा, तुम्ही?"

"माझ्या फळांना कुणी काही केलेलं नाही!" फाटकातून ओर्फा कडाडली. "ताजी आहेत, बस्स!"

"आणि साखर खरंच गेली का? बघायचं असेल तर पट्टीला विचारू नका. जिभेला विचारा." मी पेला भरून पुढे धरला.

"पिऊ नका!" बंधू ओरडले. "त्यावर आशीर्वाद नाही! बाधा होईल!"

कुणी पुढे येईना. मग गर्दीच्या कडेने डोन्या तेओ आल्या, डावा पाय ओढत. त्यांनी माझ्या हातून पेला घेतला. "एकच घोट," त्या मला म्हणाल्या, "ओरडू नकोस." घोट तोंडात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

"भगिनी, ती साखर नाही!" बंधू घाईने म्हणाले. "ती साखरेची आठवण आहे!"

डोन्या तेओ त्यांच्याकडे वळल्या. "बंधू, चौदा वर्षं मी गोड चाखलेलं नाही. साखरेची आठवण कशी असते ते मला विचारा. ही आठवण नाही. ही साखर आहे."

मग पेला हातोहात फिरला. "गोड!" "आंबट-गोड!" "आहे की!" तेवढ्यात डॉक्टरांनी सातवा परिच्छेद वाचला, आणि मागोमाग शिक्का. "मिशीवाला!" रुस्बेल किंचाळला, "तो मिशीवाला!" कोळ्याने येऊन दाढी ओढून पाहिली. दाढी खरी होती. तेवढीच.

इकितोसमधून पळून जाणे सोपे नसते, कारण शहरातून बाहेर जाणारा रस्ताच नाही. विमान नाही तर नदी. शापियामासाहेबांना शनिवारच्या बोटीपर्यंत धक्क्यावर बसून राहावे लागले, आणि तिथे लोक आपापल्या कोंबड्या मागायला येत राहिले. मग पोलीस आले. कुठली कोंबडी कुणाची यावरून जी भांडणे झाली, त्यांपुढे आमच्या विभागाच्या बैठका म्हणजे काहीच नव्हेत.

मी ते काही पाहिले नाही. मी गुरुवारीच डोन्या तेओंना तीनचाकीत घालून दवाखान्यात नेले. फ्रिजमधली कुपी त्यांनी वाटभर मुठीत धरली होती. तिथे रक्तातली साखर मोजायच्या यंत्राने आकडा दाखवलाच नाही, नुसते 'फार' असे लिहून आले. डॉक्टरीण म्हणाली, अजून दोन दिवस उशीर झाला असता तर पायावर निभावले नसते. एकोणीस दिवसांनी त्या घरी आल्या. डाव्या पायाची करंगळी दवाखान्यातच राहिली.

आम्ही प्रमाणपत्र मागे घेतले आणि तसे वर्तमानपत्रात छापून आणले. विभागाचे नाव दुसऱ्यांदा छापून आले. डॉक्टरांनी ते कात्रण कापून ठेवले नाही. सातव्या परिच्छेदाचा कागद आता प्रयोगशाळेच्या दारावर, सगळ्यांना दिसेल असा लावला आहे. टेबलाच्या आखूड पायाखाली आम्ही दुसरे काहीतरी घातले: झाडावरचे ते कापडी प्रमाणपत्र, सोळा घड्या करून. यंत्र अगदी स्थिर चालते.

दर वर्षी नवी मुले येतात तेव्हा पहिला तास मी घेत नाही, डोन्या तेओ घेतात. "पोरांनो," त्या म्हणतात, "कुणी चमत्कार दाखवला तर जे दाखवतोय ते नंतर बघा. आधी बघा, तो काय बघू देत नाही. सुई नको म्हणतो, तर का नको ते विचारा. दोनच तासांत आणा म्हणतो, तर तिसऱ्या तासाला घेऊन जा. आणि कागदावर विद्यापीठाची सही आहे म्हणून गप्प बसू नका. सही करणाऱ्यालाही विचारा. ती बघा, तिथं उभी आहे. विचारा तिला."

मुले माझ्याकडे बघतात. मी त्यांच्याकडे बघते, कारण खाली बघायचे नाही असे मी ठरवले आहे. मग डोन्या तेओ डावी चप्पल काढतात, पाय स्टुलावर ठेवतात आणि करंगळीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून सांगतात, "आणि ही बघा, त्या सहीची माझ्याकडची प्रत."